डेअरडेव्हिल : गोष्ट कुठे पकड घेते आणि कुठे सुटते?

पाचपाखाडीकर

आमचा एक छोटा गट रविवारी संध्याकाळी एकाच्या घरी जमून मालिका बघतो. बघून झाल्यावर तासभर वाद, मग जेवण. सध्या ‘डेअरडेव्हिल’ चालू आहे. नेटफ्लिक्ससाठी बनलेली जुनी, २०१५ ते २०१८ मधली. मी तिन्ही सीझन आधी पाहिलेत, बाकीच्यांसाठी नवीन आहे. पहिला सीझन सगळ्यांनी श्वास रोखून बघितला. दुसऱ्याचे चार भाग झालेत आणि निम्मी मंडळी म्हणताहेत की पुरे, दुसरं काही लावा.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: मॅट मर्डॉक हा न्यूयॉर्कच्या हेल्स किचन वस्तीतला अंध वकील. लहानपणी अपघातात दृष्टी गेली, बाकीची इंद्रियं विलक्षण तीक्ष्ण झाली. दिवसा मित्र फॉगीबरोबर वकिली, रात्री डोळ्यांवर फडकं बांधून हाणामारी.

माझं मत असं की ही गोष्ट जोवर घर, कोर्ट, वर्तमानपत्र आणि चर्च यांच्यात फिरते तोवर तिला तोड नाही. पहिल्या सीझनमधल्या प्रत्येक गुन्ह्याला पत्ता आहे. कुणाचं घर जातं, पैसे कोण देतं, गप्प कोण बसतं, सगळं कळतं. दुसऱ्या सीझनमध्ये निन्जांची प्राचीन संघटना आली आणि पत्ताच हरवला. ते लोक कोण, त्यांना काय हवंय, शहरातल्या कुणाचं त्यात काय जातंय, हे मला शेवटपर्यंत लागलं नाही.

दोन प्रश्न आहेत. कथा सांगण्यात नेमकं कुठे बिघडलं? आणि गटाला दुसरा सीझन पूर्ण दाखवू की थेट तिसऱ्यावर उडी मारू? (रहस्यभेद होणारच. न पाहिलेल्यांनी जपून वाचा.)

मैथिली_नेरुळ

पहिल्या सीझनबद्दल शंभर टक्के सहमत. खलनायकाला उशिरा आणण्याचा धीर किती मालिकांत असतो? विल्सन फिस्क तिसऱ्या भागाच्या अगदी शेवटी दिसतो. तोवर त्याचं नावसुद्धा कुणी घेत नाही. एक जण मार खाऊन ते नाव सांगतो आणि त्या भीतीपोटी लगेच स्वतःचा जीव घेतो. त्यानंतर आपल्याला दिसतो चित्रांच्या दालनात एका पांढऱ्या चित्रासमोर उभा असलेला, धड बोलताही न येणारा लाजरा माणूस. आठव्या भागात त्याचं लहानपण येतं, बाप, हातोडा, घरातली भिंत, तेव्हा कळतं की तो त्या चित्रात काय बघत होता. पाच भागांपूर्वी पेरलेलं तिथे उगवतं. व्हिन्सेंट डी’ओनोफ्रिओने आवाज असा काही वापरलाय की तो हळू बोलायला लागला की मला जास्त भीती वाटते.

वागळे_सर्कल

पत्त्याची गोष्ट निघालीच आहे तर बोलतो, कारण आमच्या घरी ही मालिका सुपरहिरोची म्हणून नाही, रीडेव्हलपमेंटची म्हणून बघितली गेली.

एलेना कार्डेनास आठवते? जुन्या इमारतीतली म्हातारी भाडेकरू. भाडं नियंत्रित, म्हणून मालकाला ती नकोशी. घर सोडायला तयार नाही म्हटल्यावर दुरुस्तीच्या नावाखाली माणसं येतात आणि दुरुस्तीऐवजी तोडफोड करून जातात. पाणी नाही, वीज नाही. मग पैशांचा देकार येतो, मग शेजारी एकेक करून सही करतात. ती करत नाही, आणि तिचं काय होतं ते तुम्ही पाहिलंय. किसननगरची क्लस्टर योजना म्हणा, वाशीतल्या सिडकोच्या जुन्या इमारती म्हणा, ज्या माणसाने सोसायटीच्या सर्वसाधारण सभेत संमतीपत्रावरची भांडणं ऐकली आहेत त्याला हा भाग वेगळा समजावून सांगावा लागत नाही. आमच्या एका नातेवाइकांचं ट्रान्झिटचं भाडं बिल्डरने थकवलं होतं. तेव्हा त्यांच्या घरात जी गप्पगप्प भीती होती, तीच एलेनाच्या स्वयंपाकघरात दिसते.

लेखकांनी एक हुशारी केली आहे. ‘द अ‍ॅव्हेंजर्स’ या मोठ्या चित्रपटातल्या लढाईत शहर उद्ध्वस्त झालं, इथवर चित्रपटाचं काम संपतं. ही मालिका पुढचं विचारते: मग पुन्हा बांधायचं कंत्राट कुणाला मिळालं? फिस्कचं सगळं साम्राज्य त्या एका प्रश्नावर उभं आहे. आणि तो स्वतःला वाईट समजत नाही, शहर सुधारतोय असं मनापासून मानतो. बिल्डरच्या माहितीपुस्तकातली भाषा आणि फिस्कचं भाषण शेजारी ठेवून बघा.

हार्बरवाला

घोडबंदर रोडला डेअरडेव्हिल असता तर पहिला सीझन गायमुखच्या ट्रॅफिकमध्येच संपला असता. :) बाकी धागा मस्त, वाचतोय.

चरईचा_वकील

ठाणे कोर्टात प्रॅक्टिस करतो, त्यामुळे माझ्या नजरेला वेगळ्याच गोष्टी पडल्या.

आधी बलस्थान. पहिल्या सीझनमध्ये मॅट कोर्टात ज्या आरोपीचा बचाव करतो, त्यालाच रात्री गाठून मारतो आणि मालकाचं नाव काढून घेतो. वकील म्हणून हे भयंकर आहे. अशिलाचा विश्वास हा आमच्या धंद्याचा पाया, आणि इथे नायक तोच पाया उखडतो. मालिका हे झाकत नाही. दहाव्या भागात फॉगीला सगळं कळतं, तेव्हा त्याचा राग ‘मला सांगितलं नाहीस’ एवढ्यापुरता नाही. आपण दोघांनी मिळून ज्या कायद्याची पाटी दारावर लावली, तिचं काय, असं तो विचारतो. तो जवळजवळ अख्खा भाग दोन मित्रांचं एका खोलीतलं भांडण आहे, आणि मला तो कुठल्याही मारामारीपेक्षा जास्त लागला.

आता तिसरा सीझन. एफबीआयचा रे नदीम मरण्यापूर्वी कबुलीचा व्हिडिओ करून ठेवतो आणि फॉगीची मंडळी तो मृत्युपूर्व जबानी म्हणून वापरायचं ठरवतात. आपल्याकडे एव्हिडन्स ॲक्टचं कलम ३२(१), आता भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम २६. आपल्या कायद्यात बोलणाऱ्याला मरण समोर दिसत असलंच पाहिजे अशी अट नाही. अमेरिकेत ती अट आहे, आणि नदीमच्या बाबतीत ती पुरी होते, कारण मारेकरी येणार हे त्याला ठाऊक असतं. मात्र दोन्हीकडे जबानी मृत्यूचं कारण आणि त्याभोवतीच्या घटना यांपुरतीच चालते. त्या आधारावर फिस्कचा सगळा कारभार एका व्हिडिओत सिद्ध करणं म्हणजे बरंच ताणलंय. तरी मी लेखकांना गुण देईन. शेवटचा घाव मुठीने न घालता पुराव्याने घालावा हे त्यांनी ठरवलं, आणि त्यासाठी खरा कायदेशीर रस्ता शोधला.

दुसऱ्या सीझनमधला खटला मात्र वाया घालवला. फ्रँक कॅसलसारखा, म्हणजे ‘पनिशर’सारखा आरोपी, ज्याने केलेल्या खुनांबद्दल शंका नाही, ज्याला गर्दीतले अर्धे लोक वीर मानतात. काय खटला झाला असता! मॅट सुरुवातीच्या निवेदनालाच हजर नाही, कारण रात्री एलेक्ट्रा या जुन्या प्रेयसीबरोबर निन्जांच्या मागे होता.

नौपाड्याची_माई

नातवामुळे मीही बघितली. रक्त फार आहे, तेवढं डोळे मिटून घेते.

मला अडलं ते तेरा भागांपाशी. दूरदर्शनच्या काळात आपल्याकडेही मालिका तेरा भागांना मंजूर व्हायच्या, कारण तेरा आठवडे म्हणजे तिमाही. आठवड्याला एक भाग, त्यामुळे लेखकाला प्रत्येक भागात काहीतरी पुरं करून द्यावं लागे. इथे तेराही भाग एकाच दिवशी हातात दिले, पण आकडा जुनाच ठेवला. मग गोष्ट आठ भागांची असली तरी तेरा भरायचे. सात ते दहाच्या दरम्यान आमटीत पाणी घातल्यासारखं वाटतं, तिन्ही सीझनमध्ये. मॅट-फॉगीच्या ऑफिसातली कॅरन कागद शोधते, कुणीतरी तिला सांगतं शोधू नकोस, ती पुन्हा शोधते.

पहिल्या सीझनमध्ये हे कमी जाणवतं, कारण प्रत्येक भागाला स्वतःचा आकार आहे. एक भाग कोर्टाचा, एक जवळजवळ पूर्ण एका पडक्या इमारतीत अडकलेल्या दोघांचा, एक फिस्कच्या आठवणींचा. गडकरी रंगायतनला आम्ही दोन अंकी नाटकं बघत मोठे झालो, आम्हाला मध्यंतर कुठे पडतं ते लगेच कळतं. दुसऱ्या सीझनला मध्यंतरच सापडत नाही.

वागळे_सर्कल

माई, मध्यंतराचा मुद्दा अगदी अगदी.

बेलापूर_एक्सप्रेस

सगळे दुसऱ्या सीझनवर तुटून पडलेत म्हणून त्याची बाजू घेतो.

पहिले चार भाग काढा आणि स्वतंत्र बघा. पनिशरची एवढी नेटकी गोष्ट मी दुसरीकडे पाहिली नाही. तिसऱ्या भागात फ्रँक मॅटला गच्चीवर साखळदंडाने बांधतो आणि दोघं बोलत बसतात. मारावं की मारू नये, एवढाच विषय. सुपरहिरोच्या मालिकेत दोन माणसं इतका वेळ नुसती बोलतात आणि तुम्ही जागचे हलत नाही! मॅटकडे उत्तरं आहेत, पण फ्रँकच्या प्रश्नांपुढे ती दर वेळी थोडी कमी पडतात. चौथ्या भागात स्मशानात जखमी फ्रँक आपल्या मुलीबद्दल बोलतो. जॉन बर्नथलचा तो प्रसंग बघून आमच्या घरात कुणी काही बोललं नाही.

आणि एलेक्ट्रा का आणली, यालाही कारण आहे. मॅट म्हणतो, मी हे शहरासाठी करतो. एलेक्ट्रा म्हणते, खोटं, तुला मारामारी आवडते. फिस्क, फॉगी, चर्चमधले फादर लँटम यांच्यापैकी कुणीही हे इतकं उघड त्याच्या तोंडावर म्हणत नाही. ती सीझनमध्ये नसती तर तिसऱ्यातला कोसळलेला मॅट खरा वाटला नसता. निन्जांचं समर्थन मी करणार नाही. जमिनीत ते अवाढव्य भोक दाखवलं आणि उत्तर दुसऱ्याच मालिकेसाठी राखून ठेवलं, ही प्रेक्षकाची फसवणूक आहे. पण ते कंपनीच्या वेळापत्रकाचं पाप. २०१७ मध्ये ‘द डिफेंडर्स’ ही मॅट आणि इतर नायकांना एकत्र आणणारी मालिका यायची होती आणि तिच्यासाठी सामान आधीच गोळा करून ठेवायचं होतं.

पाचपाखाडीकर

बेलापूर, गच्चीच्या प्रसंगाबद्दल काही वादच नाही. एलेक्ट्राचा मुद्दा मी असा पाहिला नव्हता. पण मग प्रश्न उरतो: तिला हे सत्य त्याच्या तोंडावर फेकायला प्राचीन युद्ध कशाला लागतं? तीच बाई, तीच ओढ, आणि समोर फिस्कसारखाच इथला, शहरातला शत्रू असता तर? एक गोष्ट लक्षात घ्या, तिन्ही सीझनची धुरा वेगवेगळ्या लोकांकडे होती. पहिला स्टीव्हन डिनाइट, दुसरा डग पेट्री आणि मार्को रामिरेझ, तिसरा एरिक ओलसन. तिसऱ्यात निन्जा पार हद्दपार झाले आणि गोष्ट पुन्हा फिस्क, चर्च, वर्तमानपत्र यांच्यात परतली. म्हणजे बिघाड कुठे होता हे त्यांनाही कळलं होतं, असं मी मानतो.

श्रवण_कोपरी

नमस्कार. मी जन्मांध आहे, हा धागा स्क्रीन रीडरवर ऐकतोय. अंध नायकाच्या मालिकेवर इतकी चर्चा झाली आणि हा मुद्दा आला नाही, म्हणून लिहितो.

ही मालिका १० एप्रिल २०१५ रोजी आली तेव्हा तिला ऑडिओ डिस्क्रिप्शन नव्हतं. अंध नायक, आणि अंध प्रेक्षकाला पडद्यावर काय चाललंय ते सांगणारं कुणी नाही. त्यावर खूप आवाज उठला आणि १४ एप्रिलला, म्हणजे चारच दिवसांत, नेटफ्लिक्सने ते जोडलं. त्यांच्याकडे ही सोय तिथूनच सुरू झाली. मी पुढे अनेक मालिका अशाच ऐकल्या, त्यांची वाट या मालिकेने उघडली.

पहिल्या सीझनच्या दुसऱ्या भागातली कॉरिडॉरमधली मारामारी तुम्ही सगळे नावाजता. वर्णनाशिवाय ती माझ्यासाठी नुसते धपके आणि धापा. वर्णन लावल्यावर कळलं की तो भिंतीला टेकतो, पडतो, दाराआड जातो, पुन्हा बाहेर येतो, आणि शॉट कुठे तुटत नाही. पण खरं सांगू? धापा मला आधीच कळल्या होत्या. नायक दमतो हे आवाजातूनच लिहिलेलं आहे. मारामारीत गोष्ट सांगणं याला म्हणतात. एका मुलाला सोडवायला तो आलाय आणि त्याच्यात उभं राहायची ताकद नाही, एवढं पुरे.

आता तक्रार. तिसऱ्या सीझनच्या सुरुवातीला मॅटची जादा शक्ती जाते, कान नीट ऐकू येत नाही, आणि तो नुसता अंध उरतो. त्याक्षणी लेखकांना वाटतं की याहून मरण बरं. भागच्या भाग तो त्याच सुरात बोलतो. दुःख, राग समजू शकतो. पण शेजारी सिस्टर मॅगी ही नन सोडली तर त्याला कुणीही विचारत नाही की बाबा, जगात लाखो लोक असेच जगतात, नोकरीला जातात, ठाणे स्टेशनला गर्दीत पांढरी काठी घेऊन पूल चढतात. एक अंध ओळखीचा, एक शिक्षक, एक पात्र तरी हवं होतं. तीन सीझनमध्ये त्याला शिकवणारा एकच अंध माणूस भेटतो, स्टिक, आणि तोही योद्धाच.

मैथिली_नेरुळ

श्रवण, मनापासून आभार. मी तीनदा पाहिली मालिका आणि हे एकदाही डोक्यात आलं नाही. एक विचारते: पहिल्या सीझनच्या पाचव्या भागात त्याला जग कसं जाणवतं ते पडद्यावर आगीसारखं दाखवलंय. नंतर ते फारसं वापरत नाहीत. मला तो संयम वाटला. तुम्हाला?

श्रवण_कोपरी

संयमच. दर भागात दाखवलं असतं तर तो डोळसच झाला असता. न दाखवल्यामुळे तुम्हाला त्याच्याबरोबर ऐकावं लागतं: हृदयाचे ठोके, जिन्यावरची पावलं. तेवढा वेळ आपण सगळे एकाच बाकावर.

कळवा_नाका

विषयांतराबद्दल क्षमस्व, पण आपला शक्तिमान विसरलात? १९९७ साली दूरदर्शनवर आला तेव्हा आमच्या चाळीत रस्ते ओस पडायचे. त्यात गंगाधर होता, वर्तमानपत्रात काम करणारा बावळट फोटोग्राफर. गीता विश्वास तिथेच बातमीदार. म्हणजे वर्तमानपत्र तिकडेही होतंच! फरक एवढाच की शक्तिमानला शंका कधी येत नाही. खलनायक अंधार, नायक उजेड. लहान मुलांना ते हवंच असतं, आणि मुकेश खन्नांनी ते फार प्रेमाने केलं. मॅटला मात्र दर भागात शंका येते आणि तो चर्चमध्ये फादरपुढे जाऊन बसतो.

नौपाड्याची_माई

माझा मुलगा तेव्हा टेबलावरून गोल फिरत उडी मारायचा. दर आठवड्याला ओरडावं लागे. तेव्हा भागाच्या शेवटी शक्तिमान स्वतः मुलांना दोन शब्द सांगायचा, त्याची आम्हा आयांना फार मदत झाली.

चरईचा_वकील

चर्चचा मुद्दा कळवा_नाका यांनी बरोबर काढला. मालिकेच्या सुरुवातीलाच कबुलीजबाब येतो आणि पाप करण्याआधीच नायक क्षमा मागतो! पहिल्याच भागातली ती बैठक पुढच्या सगळ्या सीझनची राज्यघटना आहे असं समजा. ज्या लेखकाने हे आधी लिहिलं त्याला नायक कुठवर जाईल ते ठाऊक होतं.

मुलुंड_चेकनाका

मी एकटाच दिसतोय ज्याला पहिल्या सीझनचाही राग आहे. बेन युरिकला मारलं! म्हातारा पत्रकार, बायको आजारी, इस्पितळाचा खर्च, वर्तमानपत्र बातमी छापत नाही. फिस्कविरुद्ध कायद्याच्या आत राहून लढणारा तोच खरा माणूस होता. बाराव्या भागात फिस्क त्याच्या घरात शिरून गळा दाबतो. कशासाठी? खलनायक किती दुष्ट हे दाखवायला? ते हातोड्याच्या आणि गाडीच्या दाराच्या प्रसंगात केव्हाच दाखवून झालं होतं. पुढच्या सीझनमध्ये कॅरन त्याच्या खुर्चीत बसते आणि एका झटक्यात पत्रकार होते. इतक्या वर्षांच्या कामाची किंमत एवढीच?

मैथिली_नेरुळ

मला ते मरण पटलं. बेन फिस्कच्या आईला भेटला होता. फिस्कसाठी ती ओलांडलेली रेघ आहे, आणि पूर्ण सीझनभर त्याची एकमेव कमजोरी घर हीच दाखवली आहे. कॅरनबद्दल मात्र तुमचं खरं. तिसऱ्या सीझनचा दहावा भाग तिच्या भूतकाळाचा, तो आधी आला असता तर बरं झालं असतं.

मुलुंड_चेकनाका

कारण आहे हे मान्य. पण कारण फिस्कचं आहे. बेनच्या गोष्टीला स्वतःचा शेवट मिळाला नाही, ही माझी तक्रार कायम.

बेलापूर_एक्सप्रेस

मुलुंडकर, मग याच गोष्टीची पुढची मालिका, २०२५ ची ‘बॉर्न अगेन’, बघू नका. पहिल्या भागाच्या सुरुवातीलाच फॉगी जातो. त्या एका गोळीने मालिकेचा अर्धा जीव गेला असं मला वाटतं, कारण मॅटला थांबवणारा माणूसच उरला नाही. शिवाय मधेच काम थांबवून मालिकेची पुनर्बांधणी झाली, आणि जुनं-नवं जोडल्याचे सांधे दिसतात.

वागळे_सर्कल

इथे मी वेगळा. फिस्क महापौर होतो ही पहिल्या सीझनची सरळ पुढची पायरी आहे. आधी कंत्राट, मग कंत्राट देणारी खुर्ची. आमच्या गल्लीत कुणालाही विचारा, हा क्रम पटेल.

नौपाड्याची_माई

मूळ प्रश्न बाजूला राहिला. पाचपाखाडीकर, गटाला काय दाखवणार ते सांगा.

चरईचा_वकील

माझा सल्ला: दुसरा सीझन पूर्ण वगळू नका. नवव्या-दहाव्या भागात फिस्क तुरुंगात परत येतो. मॅट त्याला त्याच्या प्रेयसीच्या, व्हेनेसाच्या नावाने धमकावतो आणि तिथून तिसऱ्या सीझनचा सूड सुरू होतो. ते न बघता तिसरा लावला तर फिस्क त्या दोन वकिलांच्या मागे का लागलाय ते कळणार नाही.

पाचपाखाडीकर

सगळ्यांचे आभार. गटापुढे असं ठेवतो: पहिले चार भाग झालेच आहेत. मग खटल्याचे सातवा-आठवा, तुरुंगाचे नववा-दहावा. एलेक्ट्रासाठी पाचवा धरतो, बेलापूर यांच्या मुद्द्याखातर. निन्जांचं जे उरेल ते मी तोंडी दहा मिनिटांत सांगतो. ‘डिफेंडर्स’चा फक्त शेवट, इमारत कोसळते तेवढा. मग तिसरा सीझन सलग, आणि चौथ्या भागातली तुरुंगातली अकरा मिनिटांची सलग मारामारी श्रवण यांनी सांगितल्याप्रमाणे एकदा वर्णन लावून, एकदा तसंच.

बेलापूर_एक्सप्रेस

दुसऱ्या सीझनचा तेरावा वगळू नका. शेवटी ऑफिसमध्ये मॅट कॅरनपुढे मुखवटा काढून ठेवतो तो प्रसंग तिथे आहे. तो गेला तर तिसऱ्यातलं तिचं वागणं हवेत लटकेल.

पाचपाखाडीकर

बरोबर. तेराव्याचा तो शेवट धरला.